मामांचा पांढरा धोंडा

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवली आणि त्यानंतर चार महिने माझं स्वयंपाकघर. चाळीस वर्षांत कुणा खलाशाची तक्रार आली नाही म्हणतात. चार महिन्यांत मी मात्र वेडी व्हायची तेवढी बाकी होते.

झालं असं, की पावसाळ्यात धक्क्यावर मामांचा पाय घसरला आणि गुडघ्याखाली मोडला. सासऱ्यांना मी मामाच म्हणते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या त्या मामांना किनाऱ्यावर ठेवून. माझा नवरा होडी घेऊन जाऊ लागला, सासूबाई बोर्लीच्या बाजारात मासळी विकायला जातात त्या सुटल्या, आणि मी दुपारी अंगणवाडी सुटली की थेट मामांच्या तावडीत. भाकरी तव्यावर टाकली रे टाकली की मागून हुकूम, ‘‘डावीकडनं करपतेय! फिरव, फिरव!’’ कालवणाला उकळी आली की, ‘‘मंद कर! मंद कर!’’ कपडे वाळत घातले की वारा कुठला ते बघून सगळे काढून पलीकडच्या दोरीवर. आणि हे सगळं ओरडून, कारण जन्मभर इंजिनाच्या आवाजावर बोललेला माणूस. शेजारीण भिंतीवरून विचारायची, ‘‘काय गो, भांडण झाला का?’’ मी म्हणायचे, ‘‘न्हाय गो, मामा मीठ मागत होते.’’

दिवाळी झाली. पाय बरा झाला, काठी सुटली. मामा होडीवर जायचं म्हणाले आणि नवऱ्याने सरळ नाही म्हटलं.

‘‘बाबा, होडी हलली, तुझा तोल गेला, तर खलाशांनी जाळी ओढायची का तुझा हात धरायचा?’’

मामा भडकले. दोन दिवस जेवणावर राग काढला, म्हणजे जेवले व्यवस्थित, पण आमच्याकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘खाडीपलीकडं ते जंगल हाय ना, अभयारण्य? त्याच्या डोंगरावर चढून उतरून दाखवतो. कुणाचा हात न धरता. मग येऊ ना होडीवर?’’

नवऱ्याने जरा विचार केला. ‘‘आणि धरलास तर?’’

‘‘तर होडीचं नाव काढणार न्हाय. धक्क्यावर बसून जाळी विणीन.’’

पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मला खोटं बोलता येत नाही असा नवऱ्याचा समज आहे, आणि तो मी लग्नापासून जपलेला आहे. मामा पडू नयेत असं मला वाटत होतंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं. डिसेंबरातला रविवार ठरला.

डोंगरच का, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्या डोंगराच्या माथ्यावर एक मोठा पांढरा धोंडा आहे, समुद्रातून लांबून दिसतो. मामांच्या वेळी मोबाइलवर जागा दिसत नव्हती. जाळी कुठे टाकायची, पाण्याखालचा खडक कुठे चुकवायचा, हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघून कळायचं. पुढची खूण आणि मागची खूण एका रेषेत आली की जागा आली. मामांची पुढची खूण म्हणजे आमच्या देवळाचा कळस आणि मागची खूण हा धोंडा. चाळीस वर्षं रोज त्याच्याकडे बघितलं, पण जवळ कधी गेले नव्हते. कोळ्याला डोंगरावर काय काम?

रविवारी सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडली. त्या पंधरा मिनिटांत मामांनी फेरीबोट चालवणाऱ्याला तीन सूचना केल्या. त्याने एकही ऐकली नाही आणि तरी आम्ही पोचलो, याचं मामांना वाईट वाटलं. पुढे सहा सीटर रिक्षा. गेटाच्या एक किलोमीटर अलीकडेच तिने आम्हाला उतरवलं, कारण पुढे नुसत्या गाड्याच गाड्या. मुंबईच्या, पुण्याच्या, कुठकुठच्या. नाताळच्या सुट्ट्या लागलेल्या. माणसं हातात दोन-दोन काठ्या घेऊन, पाठीवर एवढाल्या पिशव्या बांधून उभी. मामांनी त्यांच्याकडे बघून मला ओरडून विचारलं, ‘‘यांचेपण पाय मोडले होते का गो?’’

अख्खी रांग वळून बघायला लागली. मी पदर तोंडाला लावला.

गेटावर गार्डने पिशव्या तपासल्या. आमच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. डब्याचं झाकण नुसतं उघडलं तर तो बिचारा दोन पावलं मागे सरला. ‘‘काका, हे आत उघडू नका. माकडं येतील.’’

‘‘येऊ दे,’’ मामा म्हणाले, ‘‘भाकऱ्या पुरतील.’’

आत शिरलो तर जंगल कमी आणि माणसंच जास्त. वाट अरुंद, चढणाऱ्यांची एक रांग आणि उतरणाऱ्यांची एक, आणि मध्येच फोटो काढायला थांबलेले. मामा पुढे, मी मागे. पहिल्याच चढावर माझ्या तोंडून निघालं, ‘‘हात धरा.’’ सवय हो! अंगणवाडीत रोज मुलांना दुसरं काय सांगते मी? मामांनी वळून असं बघितलं की मी जीभ चावली.

थोडं पुढे वीस-पंचवीस माणसं मान वर करून, श्वास रोखून उभी होती. सगळ्यांनी एकसारखे पिवळे टी-शर्ट घातले होते, कुठल्याशा ऑफिसातून सहलीला आलेले. एका मुलीने तोंडावर बोट ठेवून आम्हाला झाडाकडे दाखवलं. उंच फांदीवर तांबूस, झुबकेदार शेपटीचं शेकरू बसलं होतं. मला दिसलं. मी हरखले.

‘‘काय बघतात गो?’’ मामा गरजले.

फांदी रिकामी झाली. पंचवीस माणसांनी आमच्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, ‘‘मामा, शेकरू होतं. मोठी खार.’’

‘‘खातात का?’’

वाटलं, आता ही माणसं आम्हाला हाकलून देणार. पण त्यातला एक गोरा, गुबगुबीत साहेब खो-खो हसला आणि म्हणाला, ‘‘काका इथलेच दिसतायत. काका, वरपर्यंत वाट माहितीये का?’’

‘‘म्हाईत न्हाय कशी?’’ मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या जंगलात पाऊल टाकलेला माणूस हा!

झालं. मामांना खलाशी मिळाले. पिवळी रांग आमच्या मागे लागली आणि मामांची छाती पुढे आली. पुढच्या वळणावर खालून येणारे आणि वरून येणारे अडकून पडले होते, कुणी मागे सरेना. मामांनी दोन्ही हात वर केले. ‘‘ओ टोपीवाले! डावीकडं घे! आणखी घे! ओ ताई, जागेवर थांब! भरल्या होडीला आधी वाट!’’ आणि भरली होडी म्हणून बोट दाखवलं ते त्या गुबगुबीत साहेबाकडे. साहेब लाजत लाजत पुढे गेला, बाकीचे मुकाट्याने बाजूला झाले आणि दोन मिनिटांत वाट मोकळी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला, का खोटं बोलू. चार महिने माझ्या तव्यावर वाया गेलेली ही हुशारी.

मामांचा पाय अगदी नीट पडत होता. एकदाही कुणाचा आधार घेतला नाही. दम लागला की थांबायचे आणि ‘‘वारा बघतोय’’ म्हणायचे. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता.

मग वाटेला दोन फाटे फुटले. पाटी होती, पण पाटीपुढे लोक फोटोला उभे. मामा कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले. ‘‘ते सुकलेलं सावरीचं झाड दिसतं ना, ती पुढची खूण,’’ ते म्हणाले. ‘‘आणि त्याच्या मागं, झाडीत, देवळाचा भगवा झेंडा. दोन्ही एका रेषेत धरायचं आणि चालायचं. चुकत न्हाय माणूस.’’

झाडीत भगवं काहीतरी होतं खरं. मी कशाला शंका घेऊ? आम्ही डावा फाटा धरला. मामा सारखे वर बघत, रेष सांभाळत, ‘‘जरा उजवीकडं, जरा उजवीकडं,’’ करत चालले. गंमत अशी, की रेष सारखी सुटत होती. झेंडा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ‘‘डोंगर वळतोय,’’ मामा म्हणाले. पिवळ्या रांगेने हे मागे एकमेकांना सांगितलं, डोंगर वळतोय, डोंगर वळतोय. वाट संपली, मग पायवाट संपली, मग नुसती करवंदीची जाळी लागली. तरी कुणी काही बोलेना. तांडेलावर केवढा तो विश्वास!

शेवटी झेंडा अगदी जवळ आला, जाळीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. मामांनी चपला काढल्या, हात जोडले. त्यांनी काढल्या म्हणून मागच्या पंचवीस जणांनी बूट काढायला सुरुवात केली. बूट म्हणजे दोऱ्यांचे, पाच मिनिटं तेच चाललं होतं. मग मामा हात जोडून, अनवाणी, देवीच्या नावाने मोठ्याने गजर करत जाळीतून पुढे झाले आणि मागून पंचवीस गळ्यांनी साथ दिली.

भगवी छत्री टुणकन उडाली. छत्रीमागून एक पोरगा आणि एक पोरगी उठून उभी राहिली.

बिचारी! जरा चार माणसांपासून लांब बसावं म्हणून तासभर जंगलातून जागा शोधत हिंडत होती, आणि त्यांच्या दारात अनवाणी दिंडी येऊन ठेपली. पोरगी रडायच्या बेतात. पोरगा म्हणाला, ‘‘आमचं लग्न ठरलंय हो, खरंच!’’ मामांचे हात अजून जोडलेलेच. मला हसू आवरेना, मी तिथेच दगडावर बसले आणि पोट धरून हसले. गुबगुबीत साहेब तर लोळायचा बाकी होता. मामाही हसले, पण जरा उशिरा. छत्रीकडे पुन्हा एकदा वाकून बघितलं, हात लावून बघितला, आणि मग हसले. तेव्हा मला वाटलं, खजील झालेत.

त्या जोडप्यालाच नीट वाट ठाऊक होती. पोराने आम्हाला माथ्यावर आणून सोडलं.

माथ्यावर जत्रा. आणि त्या जत्रेच्या मधोमध, दोन पुरुष उंचीचा, पांढराफटक तो धोंडा. मी त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की बघून मलाच भरून आलं. ‘‘मामा, बघा! आला तुमचा धोंडा!’’

‘‘कुठं?’’

‘‘अहो हा काय समोर! लाल टोपीची मुलगी बसलीय ना वर.’’

‘‘हां, हां. दिसला,’’ मामा म्हणाले आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तरातरा निघाले.

धोंड्यावर सात-आठ जण चढून बसले होते आणि खाली फोटोसाठी भली मोठी रांग. मामा रांग मोडून थेट पुढे. ‘‘उतरा! उतरा खाली! होड्या चुकतील!’’

लोक बघतच राहिले. ‘‘ही खूण हाय! समुद्रातनं माणसं हिच्याकडं बघून येतात! तुमच्या लाल टोपीवर जाळी टाकायची का त्यांनी?’’ आधी कुणीतरी हसलं. पण आमच्या पिवळ्या खलाशांनी इतक्या गांभीर्याने सगळ्यांना उतरवायला घेतलं, की खरंच धोंडा रिकामा झाला. आणि माथ्यावर जरा शांतता पसरली. मामा पुढे गेले, त्यांनी धोंड्याला दोन्ही तळवे टेकवले, कपाळ टेकवलं. मलाही हात जोडावेसे वाटले. जोडलेच.

मग मामांनी मान वर केली. कपाळ पांढरं झालं होतं. नखाने धोंडा खरवडला, पांढरं निघून आलं आणि खाली काळा कातळ. बोटाचा वास घेतला.

मागे माथ्यावरचा गार्ड उभा होता. तो म्हणाला, ‘‘काका, घारी बसतात इथे. त्यांची शीट आहे ती.’’

मामा क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिले. ‘‘चाळीस वर्षं,’’ ते म्हणाले, आणि ते म्हणजे ओरडलेच, ‘‘चाळीस वर्षं मी पाखरांच्या शिटेवर होडी चालवली!’’

माथा हसण्याने दणाणला. मामाही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी त्यांचं कपाळ पदराने पुसलं. मग तिथेच, माकडं नाहीत असं बघून, आम्ही डबा उघडला. साहेबाने सुकटीची चटणी तीनदा मागून घेतली. आधी नाकाला रुमाल लावणाऱ्यांनीही मग चटणीसाठी भाकरीचा तुकडा पुढे केला.

जेवण झाल्यावर मामा समुद्राकडे तोंड करून बसले. ‘‘होड्या किती हायत गो?’’

मी मोजल्या. ‘‘सात.’’

‘‘आपली?’’

‘‘ती काय, निळ्या ताडपत्रीची. किनाऱ्याकडून दुसरी.’’

‘‘व्हय. दिसली,’’ मामा म्हणाले. मी बोट करत होते उजवीकडे आणि ते बघत होते समोर. हे मी पाहिलं. पाहिलं, पण पोट भरलेलं, ऊन उबदार, मनात स्वयंपाकघर मोकळं झाल्याचा आनंद. मी डबा घासायला पाणी शोधायला गेले.

उतरताना तर मामांनी कमाल केली. जिथे साहेब बसून घसरत होता तिथे मामा उभ्याने उतरले. पंचवीस माणसं माझी साक्षीदार. गेट दिसायला लागलं, वाट सपाट झाली, खाली डांबर लागलं. पिवळ्या मंडळींनी मामांचा निरोप घेतला, दोघी-तिघी तर पाया पडल्या. गेट तीस-चाळीस पावलांवर. मी फोन काढला, नवऱ्याला लिहायला लागले, की बाबा जिंकले.

‘‘हात धर,’’ मामा म्हणाले.

मला वाटलं काहीतरी टोचलं पायाला. ‘‘काय झालं? पाय दुखतोय? मामा, जरा कळ काढा, ते बघा गेट!’’

‘‘पाय न्हाय दुखत. हात धर.’’

‘‘अहो वेड लागलंय का तुम्हाला? चाळीस पावलं राहिलीत! पैज जाईल!’’ मी रागावलेच. भर रस्त्यात सासऱ्यावर ओरडले. दिवसभर मी काय तमाशा बघायला आले होते?

मामांनी हात पुढे करूनच ठेवला होता. आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते हळू बोलले. ‘‘पाय मोडला त्याचं प्लास्टर काढायला गेलो ना श्रीवर्धनला, तिथं डोळ्यांचं शिबिर होतं. म्हटलं, बसलोय तर दाखवू. डॉक्टर बोलला, मोतीबिंदू न्हाय, आतला पडदा गेलाय. औषध न्हाय त्याला. मी म्हटलं, याला काय कळतंय. धोंडा दिसला की झालं.’’

मी फोन पिशवीत टाकला.

‘‘धोंड्यासमोर उभा होतो गो मी. आणि तू सांगितलंस तवा मला कळलं. छत्री मला झेंडा वाटली.’’ ते हसले. ‘‘होडी पायानं चालवत न्हाय.’’

मी हात धरला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मला त्याचाही राग आला. गेटातून आम्ही हात धरूनच बाहेर पडलो. रिक्षात, फेरीबोटीत मामांनी कुणालाही सूचना केली नाही, आणि मला ते सहन होईना. घर येईपर्यंत मी मनाशी पक्कं केलं होतं.

नवरा आमच्या आधी धक्क्यावरून आला होता. ओट्यावर बसला होता. ‘‘काय, धरला का हात?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘एकदाही नाही. विचार हवं तर कुणाला.’’

मामा नळावर पाय धूत होते. ‘‘धरला,’’ ते म्हणाले. ‘‘ती खोटं बोलतेय. गेटाजवळ धरला.’’

आणि मग डोळ्यांचं सगळं सांगितलं, पाय धूत धूतच. नवरा ऐकत होता. दिवाळीपासून नाही-नाही म्हणणारा माझा नवरा, त्याचा चेहरा बघवेना. तो उठून उभा राहिला. ‘‘बाबा, गेटाजवळचं कोण धरतंय मनावर? तू ये उद्या. नुसता बस होडीत. मी बघतो काय ते.’’

मामांनी नळ बंद केला. ‘‘होडीवर तांडेल कोण हाय?’’

आजवर मामांनी त्याला ‘पोरगा होडी घेऊन जातो’ याच्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. नवऱ्याने टॉवेल पुढे केला.

‘‘कोण हाय?’’

‘‘मी,’’ नवरा म्हणाला.

‘‘मग तांडेलासारखं बोल.’’

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तो म्हणाला, ‘‘नाही. यायचं नाही तू होडीवर.’’

‘‘हां,’’ मामा म्हणाले, आणि टॉवेलने तोंड पुसून जेवायला बसले.